आधी घर, मग गोष्ट: ब्रिटिश बी-फिल्मवाल्यांच्या रीतीनं गावातल्या घरात तासाभराची फिल्म कशी करावी

गोष्ट सुचण्याआधी घर बघा. हे पहिल्याच ओळीत सांगतो, कारण ते कळायला मला दोन वर्षं आणि सव्वा लाख रुपये लागले.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला. तीस वर्षं जत्रेच्या नाटकांना लाइट लावतोय. आमच्याकडं देवळासमोरच्या मांडवात रात्री उशिरा नाटक उभं राहतं आणि पहाट होताना संपतं. नट सगळे गावचेच. कोणी पोस्टात, कोणी शाळेत, कोणी कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत. याच मंडळींना घेऊन मराठी फिल्म करायची असं काही वर्षांपूर्वी मनानं घेतलं. गोष्ट मीच लिहिली. चौदा ठिकाणं, एक लग्न, फेरीबोटीवरचा पाठलाग आणि पोर्तुगीज अमदानीतला एक प्रसंग. अकरा दिवस शूटिंग झालं. मग ज्यानं मांडव देतो म्हणून शब्द दिला होता त्यानं ऐन वेळी तो दुसऱ्या लग्नात घातला, जूनच्या पहिल्याच आठवड्यात पावसानं गाठलं, आणि नायकाचं काम करणारा मुलगा बोटीवर नोकरी लागून निघून गेला. त्या फिल्मची हार्ड डिस्क अजून कपाटात आहे.

त्याच पावसाळ्यात इंग्लंडात कामाला असलेल्या भाच्यानं डीव्हीडींचा एक संच आणला. तासा-तासाच्या काळ्यापांढऱ्या ब्रिटिश रहस्यफिल्मा, एडगर वॉलेस या लेखकाच्या गोष्टींवर बेतलेल्या. रोज रात्री जेवण झाल्यावर एक, असं करत मी पूर्ण संच पाहिला. दहाव्या-बाराव्या फिल्मला लक्षात आलं की तोच जिना, तोच व्हरांडा, तीच घराची दर्शनी बाजू पुन्हा पुन्हा येतेय, कधी वकिलाचं ऑफिस म्हणून, कधी खुनाचा बंगला म्हणून. त्यानंतर मी गोष्ट बघणं सोडलं आणि ही माणसं भागवतात कसं, तेवढंच बघायला लागलो. पुढं जे सांगतोय ते सगळं त्या बघण्यातून आणि मग स्वतः केलेल्या दुसऱ्या फिल्ममधून आलेलं आहे. ती दुसरी फिल्म पूर्ण झाली.

थोडं त्या फिल्मांविषयी

ब्रिटनच्या पार्लमेंटनं १९२७ मध्ये कायदा केला. थिएटरांत अमेरिकन फिल्माच भरल्या होत्या, म्हणून थिएटरवाल्यांनी आणि वितरकांनी ठरावीक वाटा ब्रिटिश फिल्मांचा ठेवलाच पाहिजे, असा तो कायदा. सुरुवात थिएटरांना ५ टक्के आणि वितरकांना साडेसात टक्क्यांनी झाली आणि पुढच्या दहा वर्षांत हा वाटा २० टक्क्यांपर्यंत चढवत नेला. अमेरिकन कंपन्यांना मग कायद्यापुरत्या ब्रिटिश फिल्मा हव्या झाल्या, आणि त्या स्वस्तात हव्या झाल्या. भाव ठरला फुटाला एक पौंड. ३५ मिलिमीटरची बोलकी फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, म्हणजे मिनिटाला ९० पौंड. सहा हजार फुटांची फिल्म सहा हजार पौंडांत. यांना ‘कोटा क्विकी’ म्हणत. काही वितरक कायद्याची पूर्तता म्हणून सकाळी झाडूवाल्या बायकांसमोरच त्या चालवत, अशी गोष्ट त्या धंद्यात अजून सांगतात. पण याच मजुरीत मायकेल पॉवेलसारखा दिग्दर्शक १९३१ पासून पाच-सहा वर्षांत वीसवर फिल्मा करून तयार झाला. ही बाब मला फार मोलाची वाटते.

युद्धानंतर एका तिकिटात दोन फिल्मा दाखवायची चाल होती. मोठ्या फिल्मच्या आधी लागायची ती साठ-सत्तर मिनिटांची बी-फिल्म. १९५० पासून तिकिटामागं थोडी रक्कम बाजूला काढून ब्रिटिश निर्मात्यांना वाटली जायची, त्याचा आधार होता. १९४६ मध्ये ब्रिटनमध्ये वर्षाला १६३ कोटींवर तिकिटं खपली होती. १९६० पर्यंत टीव्हीमुळं ती पन्नास कोटींवर आली. जोडीनं फिल्मा दाखवणं बंद पडत गेलं आणि १९६५ च्या आसपास हा प्रकार संपला. आपला गोवा मुक्त होत होता तेव्हा लंडनच्या दक्षिणेला मर्टन पार्क स्टुडिओत या वॉलेस-फिल्मा एकापाठोपाठ एक बनत होत्या, हे मला सारखं आठवतं. इतिहास एवढा पुरे. आता कामाला लागू.

घराची यादी

हॅमर ही कंपनी पुढं ड्रॅक्युला आणि फ्रँकेन्स्टाइनमुळं जगभर गाजली. पण १९४० च्या दशकाच्या शेवटी तिच्याजवळ स्टुडिओच्या भाड्याला पैसे नव्हते. मग त्यांनी गावाकडची मोठी, रिकामी घरं भाड्यानं घेतली आणि तिथंच राहून, तिथंच फिल्मा केल्या. अशी घरं बदलत १९५१ मध्ये ते टेम्स नदीकाठच्या डाउन प्लेस नावाच्या घरात आले. त्याचाच पुढं ब्रे स्टुडिओ झाला. मर्टन पार्कवाल्यांनीही स्वतःच्या आवारातली जुनी इमारत फिल्म-फिल्ममध्ये वापरली. मला तोच जिना पुन्हा पुन्हा दिसत होता तो त्यामुळं. डॅन्झिगर नावाचे दोन अमेरिकन भाऊ तर याच्याही पुढं गेले. दुसऱ्या कुणाच्या फिल्मचा सेट उभा शिल्लक असेल, तर लेखकाला सांगायचे की या सेटवर बसेल अशी गोष्ट दे. ब्रायन क्लेमेन्स हा टीव्हीचा नावाजलेला लेखक त्यांच्याकडंच हात बसवून निघाला.

आपल्याकडं जुन्या घरांना तोटा नाही. मी सावईवेऱ्याच्या बाजूचं एक घर निवडलं. घरची मालकीण, जिला सगळे आक्का म्हणतात, सत्तरीतली आणि एकटी राहते. मी एक वही घेऊन सकाळी सहाला गेलो आणि रात्री नऊला परतलो. तुम्हीही एवढंच करा. कॅमेरा नेऊ नका.

वहीत तीन गोष्टी लिहायच्या. काय आहे, उजेड कधी कुठं येतो, आणि आवाज कधी कुठून येतो.

माझ्या वहीतलं थोडं देतो. वसरी, तिथं लाकडी बाक, पायऱ्या पाच. मधोमध राजांगण, चारी बाजूंनी खांब, मध्ये तुळस. माजघरात पेटारा, तीन माणसांनीही हलत नाही. कोठाराला एकच झरोका. देवखोलीचं दार बुटकं, आत जाताना वाकावंच लागतं. मागं विहीर, मग सुपारीचं कुळागर. ओटीच्या दोन खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं. दुपारी चारनंतर त्यातून दुधात हळद टाकल्यासारखा उजेड, पाऊण तास. सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा. संध्याकाळी सातला देवळातली घंटा. दर अर्ध्या तासानं बस, चढावर गिअर बदलते.

आक्का म्हणाल्या, “शूटिंग हवं तेवढं करा. पण तिन्हीसांजेला दिवा लागला की अर्धा तास माझ्या देवखोलीशी कोणी बोलायचं नाही.” तेही वहीत लिहिलं. रोज तो अर्धा तास आम्ही चहा-फराळाला ठेवला, आणि आमच्या मंडळींना तोच विसावा ठरला.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. जे तुमच्या हक्काचं आहे तेच यादीत घाला. व्हर्नन सेवेल या दिग्दर्शकाची स्वतःची यॉट होती, म्हणून १९५२ मध्ये त्यानं गोष्टच बोटीवरच्या भुताची घेतली. तुमच्या भावाची होडी असेल तर होडीवरची गोष्ट लिहा. मित्राच्या मित्राची असेल तर लिहू नका.

गोष्ट यादीतून काढायची

आता वही उघडा आणि विचारा, या घरात एका रात्रीत काय बिघडू शकतं?

‘एका रात्रीत’ हे मी मुद्दाम म्हणतोय. १९६१ च्या दोन फिल्मा बघा. एक सेवेलचीच, ‘द मॅन इन द बॅक सीट’. दोन पोरं एका माणसाला लुटतात, पण पैशाची बॅग साखळीनं त्याच्या मनगटाला बांधलेली असते. ती सुटत नाही म्हणून बेशुद्ध माणसाला गाडीत मागं टाकून रात्रभर फिरतात. एक गाडी, रस्ते आणि रात्र, बाकी फारसं काही नाही. दुसरी हॅमरची ‘कॅश ऑन डिमांड’. नाताळच्या तोंडावर एका छोट्या गावातली बँक. तिचा शिस्तीचा, हाताखालच्या माणसांशी कोरडेपणानं वागणारा मॅनेजर. आणि विमा कंपनीचा माणूस म्हणून आत आलेला एक गोडबोल्या चोर. तो मॅनेजरला सांगतो, तुझी बायको आणि मुलगा आमच्या ताब्यात आहेत, आता तूच मला तिजोरी उघडून दे. मॅनेजर पीटर कुशिंग, चोर आंद्रे मॉरेल. फिल्म बँकेबाहेर जवळपास जातच नाही, आणि जायची गरजही वाटत नाही. कुशिंगच्या चेहऱ्याचा ताठा तासाभरात सुटत जातो, तो बघताना आपला श्वास अडकतो. मी ती सात वेळा पाहिली आहे, आणि कमी पैशांत झालेली फिल्म म्हणून तिला सवलत द्यावी असं मला एकदाही वाटलं नाही.

यातून माझ्यासाठी नियम निघाला तो असा: जागा जितकी कमी तितका वेळही आवळायचा. एका घरात दहा वर्षांची गोष्ट घातली तर ते घर गरीब दिसतं. एका घरात एक रात्र घातली तर तेच घर भरलेलं दिसतं.

दुसरं, काळ आजचाच ठेवा. वॉलेस १९३२ मध्ये वारला, त्याच्या गोष्टी त्याच्या काळातल्या. मर्टन पार्कवाल्यांनी त्या सरळ १९६० च्या लंडनमध्ये आणल्या. त्यामुळं जुन्या गाड्या, जुने कपडे काहीच लागलं नाही. रस्त्यावरची जी गाडी दिसेल ती चालली. पोर्तुगीज अमदानीतल्या माझ्या एका प्रसंगाला टोप्या आणि बंदुकाच अठरा हजारांच्या पडल्या होत्या.

तिसरं, जे दाखवता येत नाही ते ऐकवा. बँकेच्या त्या फिल्ममध्ये बायको-मुलाचा धोका येतो तो टेलिफोनमधून. त्या घराचा सेट कोणी लावला नाही, तरी तो आपल्याला दिसतो.

आमची गोष्ट आक्कांच्या कमरेवरून आली. त्यांच्या कमरेला चाव्यांचा जुडगा असतो, तो झोपतानाही सुटत नाही. लिहिलं ते असं: पावसाची रात्र. अंथरुणाला खिळलेली आजी, तिच्या देखभालीला आलेली नर्स, मुंबईहून त्याच दिवशी आलेला नातू, आणि कुळागर बघणारा गडी. आजी जुडगा चाचपते आणि म्हणते, यातली एक चावी माझी नाही. माणसं चार, घर एक, रात्र एक. दिवे गेलेले. पटकथेची पानं बावन्न.

लिहिताना एक पथ्य पाळा. त्या बी-फिल्मांत शेवटी इन्स्पेक्टर येऊन पाच मिनिटं सगळं समजावून सांगतो, ते करू नका. चांगली चाललेली फिल्म तिथं बसते. आणखी एक. तिथल्या कितीतरी फिल्मांत बायकांच्या वाट्याला चहाचा ट्रे आणणं किंवा फोन उचलणं एवढंच येतं. आपल्या गावात नाटकाची उत्तम जाण असलेल्या बाया आहेत. गोष्टीचं वजन त्यांच्यावर टाका. आमची आजी आणि नर्स, दोघींनी मिळून फिल्म तोलली.

जत्रेचा आवाज उतरवणं

आमचे नट मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणारे. कॅमेऱ्यासमोर तोच आवाज लागला की भिंती हादरतात. “हळू बोला” म्हणून काही होत नाही. हळू बोलताना ते ओठच हलवत नाहीत. मी एक युक्ती केली. तालमीला आक्कांच्या शेजारणीचं पाच महिन्यांचं बाळ शेजारच्या खोलीत निजलेलं असायचं, त्या वेळेलाच तालीम ठेवली. बाळ उठलं तर तालीम बंद. दोन दिवसांत सगळ्यांचा आवाज उतरला, आणि नुसता उतरला नाही, त्यात धार आली.

तालीम भरपूर करा. यात काटकसर नको. नाटकवाल्यांचा खरा फायदा हा की त्यांना पूर्ण संहिता पाठ असते. आम्ही पाच मिनिटांचा प्रसंग एका दमात घेऊ शकलो, दोन माणसं एका चौकटीत ठेवून. तिकडंही रंगभूमीवर मुरलेले नट बी-फिल्मांत छोटी-छोटी कामं करायचे. बँकेच्या फिल्ममधला तो हेडक्लार्क, रिचर्ड व्हर्ननचा, पाहा. नुसतं कान टवकारून उभं राहणं काय असतं ते कळेल.

नावाजलेल्या नटामागं धावू नका. अमेरिकेत फिल्म खपावी म्हणून हॅमरनं उतरत्या काळातले अमेरिकन नट आणले, त्यांचा धंद्याला उपयोग झाला. आपल्याला तिकडं काही विकायचं नाहीये.

दिवस कोणते

गोव्यात त्रिपुरारी पौर्णिमेपासून जत्रा सुरू होतात, तेव्हा नट मिळणार नाहीत. आम्ही जुलैचे दहा दिवस धरले. पावसात शूटिंग म्हणजे वेडेपणा असं चारजणांनी सांगितलं. पण गोष्टच पावसाच्या रात्रीची होती, सगळं घरात होतं, आणि जुलैत नट मोकळे होते.

रविवार-रविवार करून शूटिंग करू नका. दाढी वाढते, केस कापले जातात, कुणीतरी पेटाऱ्यावरचा तांब्या हलवतो. सलग दहा दिवस घ्या, रजा टाकायला लावा. रोज सहा मिनिटांची फिल्म पदरात पडली पाहिजे. ती माणसं दोन-तीन आठवड्यांत फिल्म संपवायची, आपणही संपवू शकतो.

ते जमतं ते शॉट लावण्याच्या क्रमामुळं. माजघरात चार प्रसंग असतील तर चारही प्रसंगांतले खिडकीकडं बघणारे शॉट आधी घ्या. मग लाइट फिरवा आणि दाराकडं बघणारे सगळे घ्या. गोष्टीच्या क्रमानं गेलात तर लाइट सात वेळा फिरवावे लागतील, असं केलंत तर एकदाच. नटांना त्रास होतो, रडून झाल्यावरचा चेहरा रडण्याआधी द्यावा लागतो. म्हणून एकाच माणसाला वही घेऊन बसवा: कोणाचा पदर कुठल्या खांद्यावर, मेणबत्ती किती उरली. आमच्याकडं हे काम बारावीत शिकणाऱ्या माझ्या पुतणीनं केलं आणि तिच्या वहीनं आम्हाला निदान सहा वेळा वाचवलं.

एक खोली दोनदा वापरायची सोय आधीच करून ठेवा. हॅमरच्या बर्नार्ड रॉबिन्सननं सेट बदलून-बदलून वापरण्यात हात धरू दिला नाही. १९६६ मध्ये आलेल्या जॉन गिलिंगच्या दोन फिल्मा तर एकाच उभ्या केलेल्या गावात पाठोपाठ काढल्या. आम्ही पेटाऱ्यावर पोती रचली, भिंतीला कोयते लावले आणि माजघराचं कोठार केलं. खऱ्या कोठारात कॅमेराच मावत नव्हता.

उजेड

हा माझा प्रांत, त्यामुळं जरा जास्त बोलेन.

त्या फिल्मांत काळोख इतका का, याचं एक उत्तर काटकसर आहे. ज्या भिंतीवर उजेड नाही ती भिंत रंगवावी लागत नाही. पण चांगल्या कॅमेरामनच्या हाती तो काळोख गोष्टीचा भाग होतो. त्यामुळं खोली उजळायची नाही, माणूस उजळायचा.

रात्रीचे प्रसंग आम्ही दिवसा घेतले. खिडक्या बाहेरून काळ्या कापडानं बंद, कापडावर ताडपत्री, कारण पाऊस. आत एक मोठा एलईडी लाइट, तोही सरळ माणसावर नाही. थर्माकोलच्या पांढऱ्या पत्र्यावर मारून परत आलेला. मेणबत्तीचा प्रसंग असेल तर मेणबत्तीच्याच बाजूला, चौकटीबाहेर, पिवळा कागद लावलेला छोटा दिवा. समोरची बाजू तशीच काळी सोडायची. नाटकवाल्याला हे जड जातं. आम्हाला दोन्ही बाजूंनी चेहरा उजळायची सवय. पहिल्या दिवशी मी स्वतःच तीनदा दुसरा लाइट लावला आणि तीनदा काढला.

कॅमेऱ्यात सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर एक-पन्नासांश ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, हा आकडा जुळला नाही तर घरातले बल्ब पडद्यावर लुकलुकतात किंवा पट्टे येतात.

आणि शिंपल्याच्या त्या खिडक्या. तो चार वाजताचा पाऊण तास आम्ही दहातले तीन दिवस राखून ठेवला. जुलैत ऊन म्हणजे नशीब. दोन दिवस वाया गेले, तिसऱ्या दिवशी ढग फाटले. फिल्मची पहिली चार मिनिटं त्या उजेडात आहेत आणि त्यात एकही शब्द नाही. आजीचे हात एकेक चावी अंगठ्यानं ओळखतात: ही पितळी, डोकं झिजलेलं, देवखोलीची, ही लांब, दातांत गंज, कोठाराची, ही पेटाऱ्याची, हिला लाल दोरा. मग अंगठा एका चावीवर थांबतो. परत मागं जातो. परत थांबतो. हे मी शिकलो ‘द फ्लाइंग स्कॉट’ या १९५७ च्या फिल्मवरून. तिच्या सुरुवातीला रेल्वेतली चोरी बराच वेळ एका शब्दाविना चालते, सगळं घड्याळासारखं सुरळीत, आणि मग कळतं की तो नुसता बेत होता. संवाद नसले की आवाजाची कटकट नाही, आणि बघणारा पुढं सरकून बसतो.

आवाज

इथं पैसे खर्च करा. चित्र थोडं कमी-जास्त झालं तरी लोक बसतात. आवाज फाटला की उठतात. आवाजाचा माणूस आम्ही पगारी आणला, बाकी सगळे बिनपगारी.

कौलांवरचा पाऊस मधेच वाढतो, मधेच थांबतो. एका वाक्यात पाऊस आणि उत्तरात शुकशुकाट, असं जोडलं की फसवणूक उघडी पडते. उपाय साधा: पहिल्याच रात्री सगळ्यांना झोपायला पाठवून वीस मिनिटांचा सलग पाऊस वेगळा रेकॉर्ड करा आणि पूर्ण फिल्मखाली अंथरा. कॉलर माइक कपड्याच्या आत, ओठांजवळ ठेवले की संवाद त्यावर तरंगतात. प्रत्येक खोलीची शांतताही मिनिटभर घ्या, जोडकामाला लागते.

पोदेराच्या भोंग्याशी भांडलो नाही. गोष्टीत सकाळ झाली हे त्याच भोंग्यानं सांगितलं.

हिशेब, परवानगी, कापणं

आमचा खर्च ९२ हजार. चौदा माणसांचं दहा दिवसांचं जेवण २८, आवाजाचा माणूस २०, रेकॉर्डर-माइकचं भाडं १५, दोन हार्ड डिस्क ११, येण्याजाण्याचे ९, जनरेटर आणि वीज ६, किरकोळ ३. लाइट माझे होते. फिल्म झाली ५८ मिनिटांची, म्हणजे मिनिटाला सोळाशेच्या आत. जेवण कधीही कमी करू नका. दुपारी गरम भात, सोलकढी आणि एक भाजी मिळाली तर माणूस रात्री दहापर्यंत उभा राहतो. डिस्क दोनच घ्या पण दोन घ्याच, आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा.

खासगी घरात मालकाची लेखी संमती घ्या, तोंडी नको. रस्ता, घाट, किनारा अशा सार्वजनिक जागी शूटिंग करायचं तर एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाकडं अर्ज करावा लागतो. आणि फिल्म लोकांना जाहीरपणे दाखवायची तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, ते काम एडिट संपण्याआधीच सुरू करा.

आमची पहिली जोडणी ७४ मिनिटांची झाली. सोळा मिनिटं गेली ती बहुतेक दारांत. माणूस आला, चप्पल काढली, बसला, पाणी प्यायला, मग बोलला. हे नाटकात लागतं. फिल्ममध्ये तो बोलतानाच दिसू द्या. नर्सचं एक भाषण होतं, माझं सगळ्यात आवडतं, तेही काढलं; तिनं चावी मुठीत मिटलेली दिसली की भाषणाचं काम झालेलं होतं.

दाखवणं

प्रमाणपत्र यायचं होतं, म्हणून पहिल्यांदा फिल्म दाखवली ती फक्त काम केलेल्या माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना, त्याच घरात. तुम्हीही पहिल्यांदा ज्या घरात केली तिथंच दाखवा. पांढरी चादर इस्त्री करून ताणून बांधा, सुरकुती पडली की चेहरा वाकतो. प्रोजेक्टर पडद्याच्या मधोमध, डोक्यांच्या वर. दोन स्पीकर दोन खांबांना, जमिनीवर नको. दिवसाउजेडी आवाज तपासून घ्या, कारण माणसं भरली की तो दबतो; मग थोडा वाढवा. पूर्ण काळोख होईतो थांबा.

त्या रात्री बाहेर खरा पाऊस होता आणि पडद्यावर आमचा. आक्का पुढच्या बाकावर बसल्या होत्या. फिल्म संपल्यावर लोक बोलायला लागले. त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या, देवखोलीचं दार ओढून घेतलं, कमरेचा जुडगा हातात घेऊन एकेक चावी अंगठ्यानं पुढं सरकवत शेवटपर्यंत गेल्या. मग म्हणाल्या, “चहा कोणाकोणाला?”